शेऱ्याचा रकाना

एकदा एक भूभौतिकीच्या प्राध्यापिका चाळीस जुन्या वह्या रिक्षात घालून आपल्या वृद्ध गुरूंच्या घरी आल्या. वीस वर्षे बाईंनी एकच काम निष्ठेने केले होते. जमिनीत लोखंडी सळया ठोकायच्या, वीज सोडायची आणि खडक तिला किती अडवतो ते मोजायचे. अडवणूक कमी, तिथे पाण्याची आशा अधिक. अलीकडे मात्र त्यांना डेटा सायन्सने झपाटले होते. 'या वयात बाई संगणकाच्या नादी लागल्या,' म्हणून विभागातले लोक हसत. बाईंनी तिकडे कानाडोळा केला, आणि बरेच केले.

"सर, तुमच्या मोजणीच्या वह्या परत आणल्यात," त्या उत्साहाने म्हणाल्या. "सगळे आकडे संगणकात भरले. आता यांचं काही काम नाही. माळावरच्या त्या गावासाठी त्यानं जागाही काढून दिली. परवा बोअर मारणार."

त्या गावात आधीच्या दोन बोअर कोरड्या गेल्या होत्या, आणि आता मंजुरी एकाच बोअरची होती. हीही फसली असती तर बायांची हंडे घेऊन दोन मैलांची पायपीट सुटणार नव्हती.

गुरूंनी लॅपटॉपकडे पाहिलेही नाही. त्याच गावाची वही काढून त्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, ती आकड्यांवर ठेवली आणि म्हणाले, "आता वाच."

उघडा राहिला तो फक्त शेऱ्याचा रकाना. बाईंना हसू आले, तरी त्या वाचू लागल्या. "जमीन कोरडी, सळईशी मिठाचं पाणी ओतलं. पाणी जास्त झालं, ओघळ पुढच्या सळईपर्यंत गेला. शाळेचं तारेचं कुंपण लगत, आकडा खोटा वाटतो." संगणकाने बोट ठेवलेली जागा शाळेमागचीच होती. शेऱ्याचे अक्षरही बाईंचेच होते, विद्यार्थिदशेतले.

"सर, वीज तारेतून पळाली होती. अडवणूक कमी दिसली ती पाण्यामुळे नव्हे!" त्यांचा चेहरा उतरला. "मग हा नाद सोडूनच देऊ का?"

"वेडी की काय!" गुरू म्हणाले. "चाळीस वह्या एकदम डोक्यात धरणं मला जन्मात जमलं नाही. तुझ्या यंत्राला जमतं. पण तू त्याला आपली मापं शिकवलीस, आपला संशय शिकवला नाहीस. उन्हात उभं राहून आलेला संशय हीसुद्धा नोंदच असते. शिष्याला निम्मंच शिकवून परीक्षेला बसवलंस, तर नापास कोण?"

बाईंनी वह्या पुन्हा रिक्षात घातल्या. बोअर त्यांनी पंधरा दिवस लांबवली आणि एकेक शेरा संगणकात भरला. जागा सरकून ओढ्यापाशी गेली. तिथे जाऊन त्यांनी स्वतः सळया ठोकल्या आणि नव्याने मोजले.

"म्याडम, या खेपेला नक्की लागंल ना?" सरपंचबाईंनी विचारले.

"मी कुठे चुकू शकते, ते आता मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "म्हणूनच सांगते, इथंच मारा."

दीडशे फुटांवर पाणी लागले. सरपंचबाईंनी चिखलाच्या हातांनीच त्यांना मिठी मारली, आणि बाईंनाही रडू आवरेना.

शिकणारे माणूस असो वा यंत्र, शिकवणाऱ्याने आपल्या शंका हातच्या राखू नयेत.