गार लागलेली भिंत

डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही फार जुनी गोष्ट. एका उंच डोंगरावरच्या वस्तीत एक मेंढपाळ आणि त्याची बायको राहत होती. तिथली थंडी अशी, की सकाळी घागरीतलं पाणी फोडून घ्यावं लागे. त्यांची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि तीही नेमकी ऐन हिवाळ्यात.

मेंढपाळाच्या जिवाला घोर लागला. चूल पेटलेली असेल तोवर घर उबदार, विझली की हुडहुडी. रात्रभर जाळ ठेवावा, तर धुराने मायलेकरांचे डोळे सुजायचे. मग त्याला पलीकडच्या खोऱ्यातलं एक घर आठवलं. मेंढरं घेऊन जाताना तो तिथे मुक्कामाला उतरत असे. त्या घरात दगडमातीची एक जाडजूड भिंत होती. तिच्या पोटात सकाळी जाळ करायचा, धूर आतल्या वळणावळणाच्या वाटेने हिंडून छपराबाहेर जायचा. मेंढपाळ दिवेलागणीला पोचे, तेव्हा जाळ कधीच विझलेला असे आणि भिंत मात्र पाठ टेकून बसावं अशी ऊन.

"तशीच भिंत बांधतो," तो बायकोला म्हणाला.

"बांधा. पण लेक यायच्या आत होऊ द्या."

काम मोठं किचकट निघालं. तुडवलेल्या मातीत कोंबड्या पाय घालत, सुकायला ठेवलेल्या विटा शेरडं चाटत. बायको ताक घुसळता घुसळता उठायची आणि दगड हाती द्यायची. धुराची वाट वर न्यायची, खाली आणायची, पुन्हा वर न्यायची, यात बिचाऱ्याचीच वाट चुके. उकलून पुन्हा बांधली, बारीक जाळ करकरून सुकवली आणि अखेर जुन्या चुलीच्या जागी भिंत उभी राहिली.

लेक यायच्या दिवशी सकाळी त्याने भिंतीचं पोट लाकडांनी गच्च भरलं आणि पेटवलं. जाळ कसा धडाडला! मेंढपाळाने हसत हसत भिंतीवर तळवा टेकला.

भिंत गार होती.

त्याने आणखी लाकडं घातली आणि पुन्हा हात लावला. गारच. आता तो चक्रावला. लाकडं जळली, राखही पडली, मग ऊब गेली कुठे? तो छपरावर चढला आणि धुरावर हात धरून आला. धूर कोमट होता. म्हणजे ऊब वरूनही गेली नव्हती आणि घरातही आली नव्हती. त्याने भिंतीमागे वाकून पाहिलं. घोंगडं उचलून त्याखालीसुद्धा पाहिलं. आता घोंगड्याखाली ऊब लपते का? पण गोंधळलेला माणूस कुठेही शोधतो.

"अहो, जरा वाट बघू या की," बायको म्हणाली.

"वाट कसली बघायची? चूल पेटवली की लगेच हात शेकतात. चुलीची वाट बघितलीस कधी?"

ती पुन्हा ताकाकडे वळली. शेजारचा म्हातारा आला, त्याने भिंत चाचपली. "तुझा जाळ गिळला बघ हिनं," तो म्हणाला. "ओल राहिली असंल. नाहीतर वाट बुजली असंल. नाहीतर जागाच वाईट असंल." एवढं सांगून तो निघून गेला, आणि मेंढपाळाच्या डोक्यात होतं तेही उरलं नाही.

ऊन कलायला लागलं. अंधाराच्या आत निदान साधी चूल तरी मांडावी, म्हणून त्याने पहार उचलली. बाहेरचा थर पडला. दगड गारच होते. आपलं बरोबर होतं, असं त्याला वाटलं. मग त्याने आतला थर उपसला आणि हात लावताच झटकन मागे घेतला. दगड भाजत होता. पोटात साठलेली सगळी ऊब त्याच्या तोंडावर आली आणि उघड्या दारातून डोंगरावर निघून गेली.

हातातली पहार ठेवावी की दगड परत रचावा, तेच त्याला कळेना. तेवढ्यात लेक दारात आली. दमलेली होती, समोरच्या दगडांच्या ढिगावर बसली.

"आबा, दगड किती ऊन आहेत," ती म्हणाली. "माझ्यासाठी तापवले होते?"

बापाने हातातली पहार पाठीमागे धरली.

सकाळपर्यंत ढीग थंडगार पडला. भिंत पुन्हा बांधायला घेतली, तर कालवलेल्या मातीचा गारा हातातच गोठू लागला. शेवटी लेकीचं बाळंतपण मेंढवाड्यात झालं, मेंढरांच्या उबेला. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, ही त्या मेंढरांची कृपा. पण भिंत बांधणारा बाप सारा हिवाळा मेंढवाड्याच्या दाराशी मान खाली घालून उभा राहिला. नातवाला घरात घ्या, असं त्याला एकदाही म्हणता आलं नाही.

तात्पर्य : जे आतून सावकाश तापतं, ते वरून गार लागलं म्हणून पाडू नये.