अंगाऱ्यातली अक्षरे

लिंबराज महाराज त्या वर्षी खडकओहळला खंडोबाच्या देवळात मुक्कामाला होते. देवळाच्या ओवरीतच राघोपंतांची शाळा भरे. मुलांचा गलका कानी आला की महाराजांची मुद्रा खुलून येई.

गोजरा रोज देवळाचे अंगण सारवी. तिची चंपा शाळेत जाई खरी, पण अक्षर काही ओळख देईना. दसऱ्याला पाटीपूजन झाले की प्रत्येक मुलाने गावासमोर दोन ओळी वाचायच्या, असा तिथला रिवाज. गोजराला तर स्वतःलाच वाचता येत नव्हते. मग तिने काय करावे? सारवता सारवता कानावर पडलेला धडा लेकीकडून घोकून घेतला, बोट कसे सरकवायचे तेही शिकवले. पोरीचे हसे होऊ नये, एवढीच त्या माउलीची धडपड!

दसऱ्याला चंपा बोट फिरवत घडाघडा म्हणू लागली. पंतांना शंका आली. त्यांनी हळूच पान उलटले. पोर जुनाच धडा म्हणत राहिली. गाव खो खो हसले.

"गोजरे, उद्यापासून हिला शेणाची पाटी दे," पंत म्हणाले. "तीच शोभेल."

चंपाने आईकडे पाहिले. "आई, तू सांगितलं तसंच म्हटलं ना मी?"

लोकांचे हसणे गोजराने सोसले असते. लेकीच्या त्या प्रश्नाने मात्र ती मेल्याहून मेली. तोंडावर पदर घेऊन तिने महाराजांचे पाय धरले. "खोटं मी शिकवलं, महाराज. तिची शाळा तोडू देऊ नका."

महाराज म्हणाले, "पंत, पुढची ओळ तुम्हीच वाचा बरं."

पंतांनी पुस्तक उचलले, आणि काय नवल! पानभर अक्षरे दिसत होती, पण एकही ओळखू येईना. साऱ्या गावासमोर त्यांना दरदरून घाम फुटला.

"दिसतंय सगळं," ते पुटपुटले, "पण कळत नाही."

"या लेकराला रोज असंच होतं," महाराज म्हणाले.

महाराजांनी चंपाच्या पाटीवर अंगारा पसरला. तिचा हात पंतांच्या हातात दिला आणि दोघांवर आपला हात ठेवून 'ग' गिरवला. चंपाने तो म्हटला, आणि पुस्तकातला तेवढाच 'ग' पंतांना ओळखू आला. मग 'म'. मग पुढचे. दिवेलागणीला चंपाने अडखळत, आपल्या डोळ्यांनी, एक ओळ वाचली. कुणी हसले नाही.

पंत पायांवर वाकू लागले तसे महाराजांनी पाय मागे घेतले आणि गोजराकडे बोट केले. ती अजून मान वर करत नव्हती.

पंतांनी गावादेखत पगडी उतरवली. "बाई, दोष तुझा नाही. शिकवायचं राहिलं ते माझ्याकडून," असे म्हणून त्या मायलेकींपुढे त्यांनी माथा टेकला.