शेवंताबाईंच्या नावाखालची जागा

"तीस वर्षं पानाला पान जोडत गेले, पण का जोडलं ते कुणी लिहिलंच नाही."

मांडीवर लॅपटॉप घेऊन इरा तावातावाने बोलत होती. त्र्यंबकेश्वरच्या गंगाधरगुरुजींकडे ती वर्षभर वंशावळीच्या वह्या वाचायला शिकत होती. यात्रेकरूंनी पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या घराण्याची नावं लिहिलेल्या वह्या.

"कुणी नाही लिहिलं?" गुरुजींनी विचारलं.

"वेब बांधणाऱ्यांनी. लिंक दाबली की दुसरं पान उघडतं. पण या पानाचं त्या पानाशी नातं काय, ते माणसाने ओळखायचं. यंत्राला ओ की ठो कळत नाही. आता वेबला अर्थ शिकवायचाय, गुरुजी. आणि तुमच्या वह्यांत तो आधीच आहे. हा त्याचा पुतण्या, ही त्याची सून, पुढचं अमक्या वहीत."

"बरं मग?"

"मी नात्यांची यादी केलीय. अडतीस नाती. वेबचे नियम ठरवणाऱ्या मंडळाला आज दुपारी पाठवते. एकदा पक्की झाली की बदलायची नाही. मग जगातलं कुठलंही यंत्र तुमची वही वाचेल."

"अडतिसात सगळी आली?"

"आली. एकूण एक पान तपासलंय."



ओसरीवर एक बाई येऊन उभी राहिली. निफाडहून आली होती, अस्थी घेऊन.

"शेवंताबाई आहेर गेल्या. त्यांच्या पानावर माझं नाव लिहायचंय. सुमन."

गुरुजींनी वही काढली, पान उघडलं. शेवंताबाईंच्या नावाखाली कोरा कागद होता. मूलबाळ नव्हतं.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"शेजारीण… आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. लग्न होईस्तोवर यांच्याच घरी जेवले, यांच्याच घरी निजले. भावकी म्हणते, तुझं नाव तिथं लागत नाही."

"इरा, यादीत बघ."

इराने पाहिलं. "दत्तक मुलगी?"

"कागद नाही केला."

"मानलेली मुलगी?"

"तसं त्या कधी म्हणाल्या नाहीत. जेवायला ये, म्हणायच्या."

इराने यादी शेवटपर्यंत चाळली, तिसरं काही लागेना.

गुरुजींनी वही बाईपुढे सरकवली. वर पेन ठेवलं.

तिने सावकाश लिहिलं : यांच्या चुलीवर वाढलेली, सुमन.

"पण गुरुजी, हे नातं आधी कुठेच नाही. वाचणाऱ्याला कळणार कसं?"

"तुला कळलं?"

"…हो."

"कसं?"

इराने बाईची ओळ पुन्हा वाचली. मग एकदम लॅपटॉपवर वाकली. यादीच्या माथ्यावरचा 'अंतिम' हा शब्द तिने खोडला. अडतिसाव्या ओळीखाली एकोणचाळिसावी लिहिली, तिच्याखाली एक रिकामी सोडली.

"उघडीच ठेवते," ती भराभर म्हणाली. "ज्याला जे नातं लागेल ते त्याने घालावं, आणि ते काय हेही तिथेच सांगावं. गुरुजी, हे कधी संपणारच नाही."

गुरुजी वही मिटायला लागले. बाईने पानावर हात ठेवला.

"खाली जागा सोडलीय ना? त्या चुलीवरचे अजून तिघं यायचेत."