करंजआळीत प्रार्थना अर्ध्यावर का थांबते

करंजआळीच्या क्रूसापुढे प्रार्थना मध्येच थांबते. 'आमच्या स्वर्गीय बापा' सुरू होतं, रोजच्या भाकरीपर्यंत नीट जातं, आणि पुढे सगळे गप्प. बाहेरचे पाहुणे तसेच दामटत जातात. मग आळीत त्यांचाच एकटा आवाज ऐकू येतो नि पोरी तोंड दाबून हसतात. आज तुम्हीही तेच केलंत. इथे कोणी विसरलं नव्हतं, कोणाला झोपही लागली नव्हती. कारण आहे. बसा त्या ओट्यावर. केळ्याच्या साली खाली टाकू नका, झाडायला मीच आहे.

फार जुनी गोष्ट. माझ्या आजाच्या आजानेही ती ऐकलेलीच, पाहिलेली नाही. तेव्हा इथे रेमेत नावाची विधवा राहायची. शेजारी कैतान. दोघांच्या बागायतीला विहीर एकच. एक दिवस पाणी हिचं, एक दिवस त्याचं. रेमेतच्या नवऱ्याने मरायच्या आधी राजेळी केळी लावल्या होत्या. पुढे कडक उन्हाळा आला, विहीर तळाला गेली, आणि कैतानने हिच्या पाळीचं पाणीही गुपचूप आपल्या बागेत वळवलं. नवऱ्याच्या हातची केळ उभ्या उभ्या वाळली.

रेमेत भांडली नाही. भांडली असती तर मिटलं असतं. तिने बोलणंच टाकलं. दोन वर्षं! प्रार्थनेला मात्र रोज यायची. पुढचा माणूस एकेक ओळ म्हणायचा, बाकीचे त्याच्या मागून. त्या गलक्यात भाकरीनंतरची 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' एवढी ओळ ती गिळून टाकायची, असं सांगतात. कळणार कोणाला? देव काही चुगली करत नाही.

मग क्रूसाचा सण आला. आळी सजली, हरभरे उकडून तयार झाले, आणि नेमका पुढे म्हणणारा म्हातारा तापाने पडला. रेमेतचा गळा गोड. सगळ्यांनी तिलाच पुढे ढकललं. ती भाकरीपर्यंत आली आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तर ओठ हलले पण आवाजच निघेना म्हणे.

नाताल नावाची एक म्हातारी ओरडली, "अगो, देवाला पाठ आहे, तुलाच येत नाही होय?"

रेमेत म्हणाली, "येतं की. पण खोटं म्हणवत नाही."

आणि मागच्या रांगेकडे वळून दोन वर्षांत पहिल्यांदा तिने त्याचं नाव घेतलं. "कैतान, माझ्या केळी तू मारल्यास."

कैतानची मान खाली गेली. "मारल्या. पाणी मीच वळवलं. चुकलं माझं, बाय."

"एवढं म्हणायला दोन वर्षं?"

"तू बोलशील तर ना! मी दारात आलो की तू कोंबड्यांशी बोलायचीस!"

पहिली हसली ती रेमेतच. म्हणाली, "ये, इथे शेजारी उभा राहा. एकटीने जमत नाही ती ओळ."

तो गर्दीतून वाट काढत येईपर्यंत सगळी आळी थांबून राहिली. मग तिने ओळ म्हटली. असा आवाज लागला म्हणे, की खाडीपलीकडे ऐकू गेला. खाडीपलीकडचे नाही म्हणतात, पण त्यांना ऐकूच कमी येतं.

दुसऱ्या सकाळी कैतान केळीचे मुनवे खांद्यावर घेऊन दारात हजर. रेमेतने बघताक्षणी ओळखलं. तिच्याच नवऱ्याने कधीकाळी त्याला दिलेल्या केळीची ती पिलं होती, हिच्याच वाटणीच्या पाण्यावर जगलेली. रडत-हसत तिने बाग पुन्हा लावली, आणि एक मुनवा इथे क्रूसामागे लावला.

तेच हे केळीचं बेट. तुम्ही आत्ता खाल्लीत ती केळी त्यातलीच.

आजही त्या ओळीआधी आळी थांबते. ज्याचं कोणाशी वाकडं असेल, त्याने चालत जाऊन त्याच्या शेजारी उभं राहायचं. किती वेळ थांबायचं म्हणता? तो पोचेपर्यंत. मागल्या साली हरभरे पार गार झाले. माझा भाऊ अगदी शेवटच्या रांगेत उभा होता, आणि माझे गुडघे हे असे.

पण पोचलो.