मुरुमाची पाटी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा शहराला तट असे आणि तटाला दरवाजा. दरवाजाबाहेर एक वस्ती होती. धोबी, गवंडी, माळी, एक सुईण, अशी सगळी शहराच्या गरजेची माणसं तिथे राहत.

शहराचा एक नियम होता. बाहेरच्याने आत कामाला येताना मुरुमाची एक पाटी आणायची आणि शहराच्या रस्त्यावर ओतायची. आतले रस्ते सपाट झाले. वस्तीत मात्र मुरूम खणून खणून खड्डेच खड्डे.

सुईण रोज आत जाई. नगरशेठाच्या वाड्यापुढचा, शेठाणीच्या दारातला रस्ता पाहिला की तिचा जळफळाट होई. "मुरूम माझ्या अंगणातला," ती पुटपुटे, "आणि ठेचा खायच्या मीच!"

एकदा सणाला शहरातली कामं बंद होती. वस्तीने त्या दिवशीच्या पाट्या आपल्याच गल्लीत ओतल्या. सुईणीच्या घरापासून दरवाजापर्यंत, एवढी एकच गल्ली.

शेठाणीने ती तटावरून पाहिली. आता हिला काय कमी होतं? पण हेवा काही गरीब-श्रीमंत बघून येत नाही.

"आपल्यापेक्षा त्यांची गल्ली छान? नियम म्हणजे नियम. तो मुरूम आत आणवा!" तिने नवऱ्याच्या मागे लकडाच लावला. आठवड्याभरात गल्ली उकरली गेली. शेठाणीला शांत झोप लागली.

पुढच्याच महिन्यात तिची लेक बाळंतपणात अडली. मूल आडवं आलं होतं. शेठाणीने सुईणीला आणायला मेणा पाठवला. सुईणीला घेऊन भोई धावत निघाले, आणि त्याच गल्लीतल्या खड्ड्यात मेणा कोसळला. सुईणीचा उजवा हात मोडला.

ती तशीच चालत आली. डाव्या हाताने जमेल तेवढं केलं. लेक वाचली. बाळ गेलं.

शेठाणी भिंतीशी बसून राहिली. सुईणीला तिची दया आली, पण ती बोललीच, "तुमच्या रस्त्याचा मला लई हेवा वाटायचा, बाईसाहेब. आज नाही वाटत. त्यो दरवाजापाशीच संपतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक बघतच राहिले. डोक्यावर मुरुमाची पाटी घेऊन शेठाणी दरवाजाबाहेर चालली होती.

तात्पर्य: दुसऱ्याची वाट उकरून आपली सपाट केली, तर अडल्या वेळी मदतीला आपल्यापर्यंत यायला वाटच उरत नाही.