हाताची घडी

“मग तिला ठेवायची कशासाठी, बाई?” हेरंबने विचारले.

घाटगेबाई ओसरीवर शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाला?”

“वेणूला. दिवाळीपासून माझ्या वर्गात आहे. सुरुवातीला काहीतरी अर्धवट करायची, आता तेही नाही. एक खूण नाही, एक शब्द नाही... आज तिच्या आईला बोलावून घेतलंय. तुम्ही हो म्हणालात की ती पोरीला घेऊन जाईल.”

बाईंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली.

शाळा गावाबाहेर माळावर होती, मुले तिथेच राहत. वर पत्रे, खाली शेणाने सारवलेली जमीन. तिथल्या मुलांना ऐकू येत असे आणि कळतही असे. जीभ तेवढी वळत नसे. गावाने त्यांना मुकी ठरवून टाकले होते, कारण ते सोपे पडते. बाईंनी त्यांच्यासाठी हाताची मराठी बसवली होती. शिक्षकाने तोंडाने वाक्य बोलायचे आणि त्याच वेळी हाताने दाखवायचे, शब्दागणिक एक खूण. मुलाने हाताने उत्तर द्यायचे.

हेरंब हा बाईंचा सगळ्यांत हुशार शिष्य. नुसत्या शब्दांवर त्याचे समाधान झाले नाही. त्याने ‘ला’ची खूण बसवली, ‘ना’ची बसवली, ‘त’ची बसवली. त्याच्या हातून एक प्रत्यय सुटत नसे. लांबलांबचे शिक्षक त्याचा वर्ग बघायला येत, आणि तोही कुणाला नको म्हणत नसे.

“माझ्या खुणांत काही खोट आहे का, बाई?”

“नाही. तुझ्याइतके स्वच्छ हात माझेही नाहीत.”

हेरंबला बरे वाटले. बाई उगाच कुणाला चांगले म्हणत नसत.

“मग दोष तिचाच,” तो म्हणाला.

बाईंनी मांडीवरचे सूप हलवले.

तेवढ्यात वेणूची आई ओसरीच्या पायरीशी आली. हातात रिकामी पिशवी होती, पोरीचे कपडे भरून न्यायला. ती वर चढली नाही.

“बाई, घरात तिचं हात थांबत न्हाईत,” ती म्हणाली. “सुट्टीला आली की चुलीम्होरं बसती आन् समदं सांगती. शेळी व्याली, ते बी तिनंच सांगितलं मला.”

“आईला पोराचं सगळंच बोलणं वाटतं,” हेरंब म्हणाला. तो हे वाईट मनाने म्हणाला नाही.

“आसंल, सर. मी काय शिकल्याली न्हाई. पर हितनं काढली, तर तिचा बा तिला शेळ्यांमागं धाडणार. मी दिसभर दुसऱ्याच्या रानात. मग माळावर तिच्याशी बोलणार कोण?”



बाईंनी सूप खाली ठेवले आणि पदराला हात पुसले.

“चल, तुझा वर्ग बघू,” त्या हेरंबला म्हणाल्या.

“आत्ता?”

“आत्ता.”

हेरंब आनंदाने उठला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असे, पण ते त्याला पुढे कळायचे होते.

वर्गात मुलांचा गलका चालला होता, म्हणजे नुसते हात हलत होते. कुणी कुणाची पाटी मागत होते, कुणी चहाडी करत होते. एका पोराला शिंक आली, तिचीही कुणीतरी हाताने नक्कल केली. वेणू खिडकीशी बसली होती. तिचे हात मांडीवर होते.

हेरंब दारात उभा राहिला.

“हाताची घडी!”

सगळे हात एकदम छातीशी गेले. वर्ग चित्रासारखा स्थिर झाला.

दुसऱ्या शाळांत याच्यापुढे ‘तोंडावर बोट’ असे म्हणतात. हेरंबने ते गाळले होते. त्याची इथे गरज नव्हती.

त्याने कौतुकाच्या अपेक्षेने बाईंकडे पाहिले. बाई मुलांकडे पाहत होत्या.

मग तो शिकवू लागला. “चिमणी घरट्यात बसते.” तोंडाने शब्द, हाताने खूण. दोन बोटांची चोच, ओंजळीचे घरटे, तळव्यात मुठीचा ‘त’. बघत राहावे असे हात होते ते, खोटे कशाला बोला.

“यशवंता, चिमणी कुठे बसते?”

यशवंताने घडी सोडली. चोच केली, ओंजळ केली...

“थांब. ‘त’ कुठे गेला? चुकलं. हाताची घडी.”

यशवंताने पुन्हा घडी घातली, पुन्हा सोडली आणि या वेळी ‘त’ नीट दाखवला.

“शाबास. वेणू, आता तू.”

वेणूने घडी सोडली नाही. ती समोर पाहत राहिली.

“वेणू...”

काही नाही. हेरंबने बाईंकडे वळून, बघितलंत ना, अशी मान हलवली.

बाई मात्र वेणूच्या कोपरापाशी पाहत होत्या. घडी घट्ट होती. पण आत, काखेशी दाबलेली बोटे हलत होती.

“तिच्या बोटांना काय झालंय?” बाईंनी विचारले.

“ती चुळबूळ करते, बाई. वाईट खोड. मोडत आणलीय.”

बाई क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. त्यांना फार वाईट वाटले होते, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

मग त्या हेरंबच्या अगदी समोर आल्या.

“हेरंब, मला एक सांग. ही पोरगी तुझ्याशी का बोलत नाही?”

हेरंबने तोंड उघडले. त्याबरोबर बाईंनी आपला तळवा त्याच्या तोंडावर ठेवला.

तो दचकला. बाईंनी हात काढला नाही.

“सांग ना.”

त्याने तळव्याआडून काहीतरी म्हटले. नुसता घोगरा आवाज आला.

“नीट सांग. शब्द स्पष्ट येऊ देत.”

त्याने पुन्हा प्रयत्न केला. बाईंनी हात आणखी दाबला.

“चुकलं. पुन्हा.”

हेरंबचे कान लाल झाले. गुरूचा हात झिडकारायचा कसा? आणि बोलायचे तर होतेच, घशापर्यंत आले होते. एवढा मोठा माणूस, डोळ्यांत पाणी उभे राहिले.

मुलांपैकी कुणी हसले नाही. सगळी पाहत होती.

तेव्हा वेणू उठली.

तिची घडी सुटली होती. ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि बाईंकडे तोंड करून तिने हात हलवले. आधी हळू, मग भराभर.

सर... बोल... हात काढ.

बाई हलल्या नाहीत. वेणूने बाईंच्या कोपराला धरून ओढले. मग हात सोडून तिने तेच पुन्हा सांगितले, या वेळी रागाने.

सर. बोल. दे. हात काढ!

बाईंनी हात काढला.

हेरंब मोकळा झाला, पण त्याला बोलता येईना. ज्या मुलीला तो आज घरी धाडणार होता, ती त्याच्यासाठी भांडली होती. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त काहीतरी वाटले, त्याचे नाव त्याला ठाऊक नव्हते.

दारात वेणूची आई उभी होती. तिने हातातली पिशवी घडी करून कमरेला खोचली.

वेणू आता थांबत नव्हती. तिने चोच केली. मग बोट वर, पत्र्याकडे नेले. चिमणी घरट्यात बसत नव्हती, पत्र्याखालच्या वाशावर बसत होती. कितीतरी दिवसांपासून ती तिथे बसत होती. आणि आणखी काही सांगायचे होते, चिमणीच्या पिलाबद्दल, आणि मांजराबद्दलही.

वेणूचा ‘वर’ सुटला होता. ‘ला’ सुटला होता. सगळेच प्रत्यय सुटले होते.

हेरंबने डोळे पुसले. आणि सवयीने, तिला मदत करावी म्हणून, सुटलेली खूण दाखवायला त्याचा हात वर गेला...

“हेरंब,” बाई हळू आवाजात म्हणाल्या, “हाताची घडी.”