चांदीच्या पट्टीखालचा लाल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा हत्ती आपल्या मरणाने मरत, आणि मगच त्यांचा दात माणसाच्या हाती येई.

एका राणीकडे तिच्या आईची हस्तिदंती फणी होती. पिकल्या खजुरासारखी लाल. फणीचे दोन दात तुटले, तेव्हा राणीने म्हाताऱ्या रंगाऱ्याकडून तशीच नवी करून घेतली. ती निघाली डाळिंबाच्या दाण्यासारखी भडक.

"हा माझ्या आईचा लाल नव्हे," राणी म्हणाली. "तुम्ही कृती विसरलात, बाबा. रंगशाळा बंद करा."

"कृती हीच आहे, राणीसाहेब. गुरूने दिलेली."

राणीने ऐकले नाही.

त्या नगरात जुन्या पोथ्या अभ्यासणारी एक तरुणी होती. खरी कृती शोधायला तिने राणीकडे पौर्णिमेपर्यंत मुदत मागितली. तिने सगळ्या पोथ्या उलगडल्या. सगळ्यांत एकच कृती होती : हस्तिदंत चिंचेच्या पाण्यात भिजवा, मग लाखेच्या रंगात ठेवा. तिला वाटले, काहीतरी लपवले आहे. तिने रंगात हिरडा घातला, काजळी घातली. शेवटी घाईने रंग उकळला, तर हस्तिदंत तडकला.

"पोरी, ते काय वांगं आहे शिजायला?" रंगारी म्हणाला. "पोथ्या बघितल्यास. फणी बघितलीस का?"

ती वरमली. तिने जुनी फणी पहिल्यांदाच हातात घेतली. पाठीवरची चांदीची पट्टी सैल झाली होती. ती अलगद उचलली, तर खाली लाल रेघ. डाळिंबाच्या दाण्यासारखी भडक.

दोघे राणीकडे गेले. राणी त्या रेघेकडे बघत राहिली.

"म्हणजे नवी असताना ही अशीच होती. मग मला आठवतो तो रंग कुठला?"

"आईसाहेब या फणीने कुणाचे केस विंचरायच्या?" रंगाऱ्याने विचारले.

"माझे. रोज. लग्न होईपर्यंत."

राणीने फणी नाकाशी नेली. माक्याच्या तेलाचा पुसट वास अजून होता.

"लाख आमची," रंगारी म्हणाला. "तेल आणि हात तुमच्या घरचे."

रंगशाळा उघडी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी राणीने नवी फणी घेतली आणि लेकीला पुढ्यात बसवले.

"आई, हिचा रंग किती भडक आहे."

"असू दे. मान सरळ ठेव."

तात्पर्य : वस्तूला पहिला रंग कारागीर देतो, तो पिकवतात वापरणारे मायेचे हात.